उसनें गाणें आणि आपलें गाणें

गेल्या डिसेंबर महिन्यांत आमच्या शाळेचें स्नेहसंमेलन झालें. नाट्यप्रवेश झाले, समूहगीतें झालीं, लेझीम झालें. आणि अखेरीस इयत्ता दहावीच्या चार विद्यार्थ्यांनीं दोन विजेच्या गिटारी, एक कीबोर्ड व ड्रमचा संच घेऊन एक इंग्रजी गाणें म्हटलें. गाणें चारच मिनिटांचें होतें. परंतु त्यावरून उठलेला वाद चार आठवडे पुरला. दुसऱ्याच दिवशीं कार्यालयांत दोन पालकांचीं पत्रें आलीं. एकांत लिहिलें होतें कीं, शाळेनें मुलांस संस्कार द्यावेत, धांगडधिंगा शिकवूं नये. दुसऱ्यांत विचारलें होतें कीं, केस वाढवून व अंगविक्षेप करून किंचाळणें ह्यास संगीत म्हणावयाचें काय? उलटपक्षीं कित्येक पालकांनीं मुलांची पाठ थोपटली. पुढें शिक्षकांच्या सभेंत, येत्या वर्षापासून असलीं गाणीं बंदच करावीं, अशी सूचना आली. तिच्यावर अद्यापि निर्णय व्हावयाचा आहे.

प्रथम आमचेंही मत बंदीच्याच बाजूचें होतें, हें आरंभींच कबूल केलें पाहिजे. परंतु कांहीं दिवस विचार केल्यावर, आणि त्या विचाराच्या ओघांत पस्तीस वर्षांहून अधिक जुनी एक ध्वनिमुद्रिका ऐकल्यावर, तें मत बदललें. तें कां बदललें हें आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सांगावें, एवढ्याच हेतूनें हा लेख लिहीत आहों.

पालकांच्या आक्षेपांचें पृथक्करण केलें असतां ते तीन दिसतात: गोंगाट, वेष आणि परकेपणा. त्यांचा एकेक करून विचार करूं.

मोठा आवाज कानास अपाय करितो, ह्याविषयीं दुमत नाहीं. ८५ डेसिबलच्या आवाजांत दिवसाकाठीं आठ तासांहून अधिक वेळ राहूं नये, आणि त्यापुढें दर ३ डेसिबल वाढले कीं सुरक्षित काळ निम्म्यावर येतो, असा आरोग्यशास्त्रांतील एक प्रचलित हिशेब आहे. ह्या हिशेबानें १०० डेसिबलच्या आवाजांत पाव तासाहून अधिक वेळ थांबणें बरें नव्हे. ध्वनिप्रदूषणासंबंधींचे सन २००० चे सरकारी नियम वस्तीच्या भागांत दिवसा ५५ व रात्रीं ४५ डेसिबल एवढीच मर्यादा घालून देतात, आणि शाळा, न्यायालयें व रुग्णालयें ह्यांच्या भोंवतीं निदान शंभर मीटरचें शांतता-क्षेत्र सरकारनें जाहीर करण्याची तरतूद करितात. तेव्हां आवाजावर बंधन हवें, हें आम्हांस मान्य आहे. परंतु ज्या गांवांत लग्नाच्या वरातींत व गणेशविसर्जनाच्या मिरवणुकींत 'डॉल्बी'च्या भिंतींनीं घरांच्या खिडक्या हादरतात, आणि त्याच डॉल्बीपुढें आपण सहकुटुंब नाचतों, त्या गांवांत चार मुलांच्या गिटारीविरुद्ध कानांच्या आरोग्याचा दाखला देणें हें थोडें धाडसाचें आहे. आवाज कमी करावयास बटण असतें. त्यासाठीं गाणेंच बंद करण्याचें कारण नाहीं.

वेषाची गोष्ट तर ह्याहूनही लहान आहे. ज्या महाराष्ट्रानें शालू नेसून, नथ घालून गाणाऱ्या बालगंधर्वांस डोक्यावर घेतलें, त्यानें खांद्यापर्यंत आलेल्या केसांचा बाऊ करावा, हें शोभत नाहीं. रंगमंचावरील वेष हा रंगमंचापुरता असतो. दुसऱ्या दिवशीं तीच मुलें केस विंचरून व गणवेष घालून प्रार्थनेस उभीं होतीं, हें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें आहे.

राहिला परकेपणाचा आक्षेप. हा मात्र वजनदार आहे. परंतु तो कोल्हापुरांत घेतला जावा, ह्याचें आम्हांस नवल वाटतें. हार्मोनियम हें वाद्य कोठलें? एकोणिसाव्या शतकांत तें युरोपांत निघालें आणि तेथून आपल्याकडे आलें. पुढें आकाशवाणीनें १९४० सालीं त्यास आपल्या केंद्रांतून बाहेर घालविलें. ह्या पेटीचे स्वर ठाम बसविलेले असतात, तींतून आपल्या रागांतील मींड व श्रुति निघत नाहींत, सबब हें वाद्य भारतीय संगीतास घातक आहे, असा त्या वेळीं अनेक जाणत्यांचा अभिप्राय होता. ही बंदी सुमारें तीस वर्षें टिकली. परंतु त्याच्या कितीतरी आधीं आपल्या कोल्हापुरच्या गोविंदराव टेंबे ह्यांनीं ह्याच परक्या पेटीवर असा हात बसविला होता कीं, ऐकणारास ती परकी आहे ह्याचा विसर पडे. त्यांनींच १९११ सालच्या 'मानापमान' नाटकास चाली दिल्या. त्यांनींच १९३२ सालच्या 'अयोध्येचा राजा' ह्या प्रभातच्या बोलपटास संगीत दिलें व त्यांत हरिश्चंद्राचें कामही केलें. आज भजनी मंडळ असो वा चर्चमधील उपासना असो, पेटीवांचून ती सुनी वाटते. तात्पर्य, वाद्य कोठून आलें ह्यावरून तें आपलें कीं परकें हें ठरत नाहीं. त्यावर आपण काय वाजवितों ह्यावरून तें ठरतें.

ह्याप्रमाणें तिन्ही आक्षेप आमच्या मतें टिकत नाहींत. तथापि त्या दिवशीं सभागृहांत बसलों असतां कांहींतरी चुकत आहे, असें आमच्या मनास वाटत होतें, हेंही खरें. काय चुकत होतें, हें पुढें त्या मुलांशीं बोलतांना कळलें.

एके दिवशीं शाळा सुटल्यावर त्या चौघांस आम्हीं थांबवून घेतलें आणि विचारलें, 'तुम्ही म्हटलेल्या गाण्याचा अर्थ काय?' चौघेही एकमेकांकडे पाहूं लागले. एकजण म्हणाला, 'सर, बीट चांगला आहे.' दुसरा म्हणाला, 'ओळी पाठ आहेत, सर. पण अर्थ तेवढा पाहिला नाहीं.' 'अर्थ न कळतां गाणें म्हणतां कसें?' असें आम्हीं जरा चढ्या आवाजांत विचारलें. तेव्हां तिसरा, जो एरवीं फार बोलत नाहीं, तो खालीं पाहून म्हणाला, 'सर, निबंधही आम्ही तसाच लिहितों कीं. पाठ करून.'

ह्या उत्तरांत उद्धटपणा नव्हता. म्हणूनच तें आम्हांस लागलें. त्याचा विचार पुढें करूं. तूर्त एवढेंच सांगतों कीं, त्या चार मिनिटांत आम्हांस खटकलें होतें तें हेंच होतें. गाणें उसनें होतें, शब्द उसने होते, आणि गाण्यांतील त्वेषही उसना होता. मुलें ज्या गोष्टीसाठीं ओरडत होतीं, ती त्यांची नव्हती. ती कोणती आहे हेंही त्यांस ठाऊक नव्हतें.

ह्याच सुमारास एका विद्यार्थ्याचे थोरले चुलते आम्हांस भेटावयास आले. आणखी एक तक्रार आली, असें वाटून आम्ही सावरून बसलों. परंतु त्यांनीं खिशांतून एक जुनी कॅसेट काढून टेबलावर ठेविली व म्हणाले, 'सर, मुलांना बंदी करण्यापूर्वीं हें एकदां ऐका. आमच्या कॉलेजच्या दिवसांतलें आहे.' त्यांचें शिक्षण मुंबईस झालेलें. शाळेच्या कपाटांत पडून असलेला टेपरेकॉर्डर आम्हीं पुसून काढला, आणि दोघेही ऐकावयास बसलों. ती कॅसेट होती मुंबईच्या 'रॉक मशीन' नांवाच्या वाद्यवृंदाची. ध्वनिमुद्रिकेचें नांव 'रॉक अँड रोल रेनेगेड', सन १९८८.

ह्या ध्वनिमुद्रिकेचें महत्त्व कळावें म्हणून त्या काळाची थोडी माहिती देणें अवश्य आहे. १९८० ते १९९० ह्या दशकांत विलायतेंत व अमेरिकेंत एका विशिष्ट प्रकारच्या रॉक संगीतानें तरुणांस वेड लाविलें होतें. गिटारी कर्कश, ढोल दणदणीत; परंतु चाल मात्र गोड, आणि धृपद असें कीं सर्वांनीं एकसुरांत म्हणावें. वादक भडक कपडे घालीत, केस फुगवीत, कित्येक चेहऱ्यास रंगही लावीत. ह्या झगमगाटामुळेंच त्या पंथास 'ग्लॅम मेटल' असें नांव पडलें. बाहेरून पाहणारास त्यांत झगमगाटावांचून कांहीं दिसत नसे. परंतु झगमगाटामागें श्रम असतात, हें ध्यानांत यावें म्हणून एक उदाहरण देतों. इंग्लंडांतील शेफील्ड शहरच्या 'डेफ लेपर्ड' ह्या वृंदाचा ढोलवादक रिक ॲलन ह्याचा ३१ डिसेंबर १९८४ रोजीं मोटार-अपघात झाला व त्यांत त्याचा डावा हात गेला. ढोलवादकाचा हात गेला म्हणजे त्याचें सर्वस्व गेलें, असें कोणीही म्हणेल. परंतु त्यानें धीर सोडिला नाहीं. डाव्या हाताचें काम डाव्या पायानें करतां यावें असा विद्युत् ढोलांचा संच त्यानें बनवून घेतला, आणि तो पुन्हां पहिल्यापासून वाजवावयास शिकला. सोबत्यांनींही त्याची जागा दुसऱ्यास दिली नाहीं. त्यांची 'हिस्टेरिया' ही ध्वनिमुद्रिका पुरी होण्यास तीन वर्षांहून अधिक काळ लागला. ती १९८७ सालीं निघाली, आणि जगभर तिचा खप प्रचंड झाला. ज्यांस रॉक म्हणजे आळशी व उनाड मुलांचा उद्योग वाटतो, त्यांनीं ह्या एका हाताच्या वादकाची आठवण ठेवावी.

आतां मुंबईकडे वळूं. 'रॉक मशीन' हा वृंद १९८४ सालीं मुंबईंत निघाला. महेश तिनईकर, उदय बेनेगल, जयेश गांधी, मार्क सेल्विन, मार्क मेनेझिस, झुबिन बालापोरिया अशीं त्यांतील मंडळींचीं नांवें. नांवांवरूनच मुंबई शहराची घडण कळून येते. त्या काळीं उपग्रहावरून येणाऱ्या वाहिन्या नव्हत्या. घरोघर दूरदर्शन तेवढें होतें. बाहेरचें संगीत ऐकावयाचें तर कोणीतरी परदेशांतून आणिलेल्या तबकडीची किंवा कॅसेटची नक्कल मिळवावी लागे. चांगलीं वाद्यें बाहेरूनच येत व फार महाग पडत. धोबीतलावाजवळच्या रंगभवन नांवाच्या खुल्या नाट्यगृहांत १९८६ पासून 'इंडिपेंडन्स रॉक' हा उत्सव भरूं लागला होता, आणि महाविद्यालयांच्या संमेलनांत असल्या वृंदांस मोठी मागणी असे. परंतु मागणी कसली? परदेशी गाण्याची हुबेहूब नक्कल करण्याची. मूळ तबकडीवर जसें वाजतें तसेंच्या तसें ज्यास वाजवितां येई, तो वादक मोठा. मधूनच एखाद्यानें स्वतः रचिलेलें गाणें सुरू केलें, तर श्रोते चुळबुळ करूं लागत.

अशा परिस्थितींत ह्या तरुणांनीं नक्कल सोडून स्वतः रचिलेलीं गाणीं ध्वनिमुद्रित करून बाजारांत आणिलीं. आज ही गोष्ट साधी वाटेल. परंतु ज्या श्रोत्यांच्या टाळ्यांवर पोट भरावयाचें, त्यांसच 'तुम्हांस ठाऊक असलेलें गाणें आम्ही गाणार नाहीं, आमचें ऐका' असें सांगणें ह्यास छाती लागते. 'रेनेगेड' ह्या इंग्रजी शब्दाचा अर्थ आपला पक्ष सोडून जाणारा, फितूर किंवा बंडखोर. त्या वेळच्या नकलाकारांच्या पक्षांतून हे तरुण फुटून निघाले, ह्या अर्थानें तें नांव त्यांस शोभतें, असें आम्हांस वाटलें.

ही ध्वनिमुद्रिका सर्वांगसुंदर आहे, असें आमचें म्हणणें नाहीं. आम्हीं ती दोनदां ऐकली. चाली गोड आहेत, वादन सफाईदार आहे, आणि सर्वांनीं मिळून म्हणावयाचीं धृपदें ऐकतांना आमच्या पायानेंही नकळत ताल धरला, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. परंतु डोळे मिटून ऐकलें तर हीं माणसें मुंबईचीं आहेत, हें कळावयास मार्ग नाहीं. भाषा इंग्रजी, उच्चार त्या वळणाचे, आणि बंडखोरीचा आवही समुद्रापलीकडून आलेला. बंड खरें, पण बंडखोराचा पोशाख उसना, असा कांहींसा प्रकार आहे. गाणीं त्यांचीं आहेत. परंतु गाण्याचें घर अजून दुसऱ्याचें आहे.

चुलत्यांस आम्हीं हें बोलून दाखविलें. ते हंसून म्हणाले, 'सर, पहिल्याच पावलाला मुक्काम येतो काय?' पुढील हकीकत त्यांनींच सांगितली. १९९० सालीं ह्या वृंदानें 'दि सेकंड कमिंग' ही दुसरी ध्वनिमुद्रिका काढिली. १९९३ सालीं त्यांनीं आपलें नांवच बदललें. 'रॉक मशीन' हें नांव कोणत्याही देशांतील कोणत्याही वृंदास चाललें असतें. त्याऐवजीं 'इंडस क्रीड' असें नांव त्यांनीं घेतलें. इंडस म्हणजे आपली सिंधु नदी. क्रीड म्हणजे श्रद्धेची प्रतिज्ञा. त्याच वर्षीं त्यांच्या 'प्रिटी चाइल्ड' ह्या गाण्याच्या चित्रफितीस एमटीव्हीचा आशिया विभागांतील प्रेक्षकपसंतीचा पुरस्कार मिळाला. १९९५ सालीं नव्या नांवाची ध्वनिमुद्रिका निघाली. १९९७ सालीं वृंद मोडला. पुढें अमेरिकेंत बेनेगल व गांधी ह्यांनीं 'आम्स फॉर शांती' नांवाचा वृंद चालवून भारतीय व पाश्चात्त्य संगीताचा मेळ घालून पाहिला. २०१० सालीं 'इंडस क्रीड' पुन्हां उभा राहिला, आणि २०१२ सालीं 'इव्हॉल्व्ह' ही ध्वनिमुद्रिका निघाली. इव्हॉल्व्ह म्हणजे उत्क्रांत होणें, पायरीपायरीनें वाढणें. आमच्या मतें ह्या एका शब्दांत त्या वृंदाची सारी कथा आली: प्रथम दुसऱ्याचें गाणें, मग आपलें गाणें, पण दुसऱ्याच्या थाटाचें, मग आपलें नांव, आणि मग आपल्या मुळांचा शोध. ह्यांतील कोणतीही पायरी गाळतां आली नसती.

येथें कोणी सुज्ञ पालक म्हणतील कीं, 'मग नकलेस तुम्ही दोष कां देतां? सारी विद्या नकलेनेंच येते.' हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचें उत्तर आपल्याच गांवांत आहे. १८९५ सालीं अल्लादियाखांसाहेब शाहू छत्रपतींच्या आश्रयास कोल्हापुरास येऊन राहिले. त्यांच्या पायांशीं बसून केसरबाई केरकर व मोगूबाई कुर्डीकर ह्यांनीं वर्षानुवर्षें गुरूच्या गळ्यांतून निघेल तेंच आपल्या गळ्यांतून काढण्याची मेहनत केली. ही नक्कलच होय. परंतु खांसाहेबांची स्वतःची गोष्ट काय? तरुणपणीं त्यांचा आवाज बिघडला. पूर्वींसारखें गातां येईना, तेव्हां त्यांनीं बिघडलेल्या आवाजास मानवेल अशी नवी गायकी रचिली. तीच आज जयपूर-अत्रौली घराण्याची गायकी म्हणून मान पावते. आणि त्यांच्या शिष्यिणींपैकीं केसरबाईंचें गाणें मोगूबाईंच्या गाण्यासारखें नाहीं, हें जाणते श्रोते दोन तानांत ओळखतात. म्हणजे नक्कल हा जिना आहे. जिना चढावयाचा असतो. त्यावर बिऱ्हाड करावयाचें नसतें.

आमच्या ख्रिस्ती समाजासही हा जिना चढावा लागला आहे. परदेशी मिशनऱ्यांनीं मोठ्या कळकळीनें आपलीं भजनें मराठींत आणिलीं. परंतु तीं बहुधा विलायती चालींवर बसविलेलीं असत. चालींचा हिसका मराठी शब्दांस मानवत नसे. ऱ्हस्व अक्षरें ओढावीं लागत, दीर्घ अक्षरें गिळावीं लागत. पुढें रेव्हरंड नारायण वामन टिळकांनीं ओवी, अभंग, पद ह्या आपल्या मातींतल्या छंदांत भजनें रचिलीं, आणि आमच्या आजीपणजींस प्रथमच असें वाटलें कीं, देवाशीं आपण आपल्या भाषेंत बोलत आहों. देव तोच होता, श्रद्धाही तीच होती. गाणें मात्र आतां आपलें झालें होतें. स्तोत्रकर्त्यानेंही देवापुढें नवें गीत गावयास सांगितलें आहे. पाठ केलेलें जुनें गीत पुरे होईल, असें त्यानें म्हटलेलें नाहीं.

आतां त्या अबोल विद्यार्थ्याच्या उत्तराकडे वळतों. 'निबंधही आम्ही तसाच लिहितों.' हें खरें आहे, आणि त्याचा दोष आम्हां शिक्षकांकडे येतो. 'पावसाळ्यांतील एक दिवस' ह्या विषयावर गेल्या वर्षीं आमच्याकडे आलेल्या चाळीस निबंधांत आकाश काळ्या ढगांनीं सारखेंच भरून आलें होतें, मोर सारख्याच प्रकारें नाचत होता, आणि मातीचा सुगंध एकाच वाक्यांत दरवळत होता. हीं मुलें पंचगंगेच्या कांठचीं आहेत. पाऊस म्हणजे काय, पूर म्हणजे काय, हें त्यांच्याइतकें कोणास ठाऊक आहे? परंतु त्यांच्या निबंधांत पंचगंगा नव्हती. मार्गदर्शक पुस्तकांतला मोर होता. आणि त्या मोरास आम्हींच दहापैकीं आठ गुण दिले होते! ज्या मुलानें पाणी चढलेल्या गल्लीविषयीं मोडक्या-तोडक्या वाक्यांत लिहिलें असेल, त्याचे शुद्धलेखनाचे गुण आम्हीं कापले असतील. दहा वर्षें आम्हीं मुलांस उसनें लिहावयास शिकवावें, आणि अकराव्या वर्षीं त्यांनीं उसनें गाइलें म्हणून त्यांजवर रागवावें, हा कोठला न्याय? नकलेचा पहिला धडा त्यांस गिटारीनें दिला नाहीं. तो आम्हीं दिला.

पालकांसही येथें एक नम्र विनंति करावीशी वाटते. 'अमक्याचा मुलगा पाहा, तसा हो,' हें वाक्य आपण घरांत दिवसांतून किती वेळां उच्चारतों? शेजाऱ्याच्या मुलानें घेतलेली शाखा, शेजाऱ्याच्या मुलीनें लाविलेली शिकवणी, हेंच आपल्या मुलांचें धृपद करून ठेवावयाचें, आणि मग त्यांनीं परदेशी गायकाचे केस घेतले म्हणून कपाळास हात लावावयाचा, हें विसंगत आहे. मुलगा बंद खोलींत काय ऐकतो, असें दाराबाहेरून ओरडून विचारण्यापेक्षां एकदां आंत जाऊन त्याच्याजवळ बसावें आणि 'मलाही ऐकव' असें म्हणावें. गाणें आवडलें नाहीं तर तसें स्पष्ट सांगावें. परंतु ऐकल्यावर सांगावें. आम्हीं न ऐकतांच मत बनविलें होतें, आणि एका जुन्या कॅसेटीनें आमची खोड मोडली.

सबब बंदीच्या सूचनेस आमचा विरोध आहे. तिच्याऐवजीं शिक्षकांच्या सभेपुढें आम्ही तीन अटी ठेवणार आहों. पहिली: संमेलनांत जो वृंद दुसऱ्याचें एक गाणें म्हणेल, त्यानें स्वतः रचिलेलें एक गाणेंही म्हटलेंच पाहिजे, भाषा मराठी असो, इंग्रजी असो वा कोल्हापुरी असो. दुसरी: जें गाणें म्हणावयाचें त्याचा अर्थ प्रारंभीं श्रोत्यांस चार वाक्यांत सांगितला पाहिजे, ज्याचा अर्थ सांगतां येत नाहीं किंवा आईवडिलांसमोर सांगावासा वाटत नाहीं, तें गाणें आपोआप गळेल, त्यासाठीं निराळी बंदी नको. तिसरी: आवाज शेवटच्या रांगेंतील आजीबाईस सोसेल एवढाच ठेवावा. ह्याच अटी लेझीम, नाटक व भाषण ह्यांसही लागू कराव्यात, अशी पुस्ती आम्ही जोडतों. पाठ केलेल्या भाषणांस ही अट लागू झाली, तर संमेलन पुष्कळच लवकर आटोपेल, हा एक जादा लाभ.

आम्हीं ह्या अटी त्या चौघांस सांगितल्या, तेव्हां त्यांचे चेहरे उतरले. 'सर, आम्हांला गाणें लिहितां येत नाहीं,' असें ते म्हणाले. 'न येणारच,' असें आम्ही म्हणालों; 'मुंबईच्या त्या मुलांसही पहिल्या दिवशीं आलें नसेल. तुम्हांस ठाऊक आहे तेवढेंच लिहा.' तीन आठवडे कांहींच घडलें नाहीं. मग एके दिवशीं मधल्या सुटींत तो अबोल विद्यार्थी वहीचें एक पान घेऊन आला. सन २०१९ च्या महापुरांत त्याच्या घरांत पाणी शिरलें होतें. तेव्हां तो लहान होता. जिन्याच्या कितव्या पायरीपर्यंत पाणी आलें, आजीनें पोथीबरोबर काय काय वरच्या मजल्यावर नेलें, होडी आली तेव्हां मागें राहिलेली म्हैस कशी पाहत होती, एवढेंच त्या पानावर होतें. यमक जुळत नव्हतें. दोन ओळी तालांत बसत नव्हत्या. परंतु त्यांत मोर नव्हता. 'ह्याचा अर्थ काय?' असें त्यास विचारण्याची आम्हांस गरज वाटली नाहीं.

त्याच्या सोबत्यांनीं आतां त्यास चाल लावावयास घेतली आहे. गिटारी त्याच आहेत, ढोलही तेच आहेत, आणि चाल अजून बरीचशी विलायती वळणाची आहे. असूं द्या. तो जिना आहे, आणि मुलें चढत आहेत. पुढील संमेलनांत तें गाणें होईल कीं नाहीं, हें सभेच्या निर्णयावर अवलंबून आहे. परंतु झालें, तर पालकांनीं कानांत कापूस घालण्यापूर्वीं पहिलें कडवें अवश्य ऐकावें, अशी आमची कळकळीची विनंति आहे. तें त्यांच्याच घरांतलें आहे.